दादांचा फ्लॅट, ताईंची सही आणि राहिलेला हिशेब

वाचकाचं पत्र:

आम्ही चार भावंडं. सगळ्यात मोठे दादा अविवाहित होते. कॉलेजात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, साताऱ्यातच फ्लॅट घेऊन राहिले आणि तीन वर्षांपूर्वी झोपेतच गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. आई-वडील आधीच गेलेले. मधला भाऊही नाही, त्याचा मुलगा आहे. राहिलो ताई आणि मी. ताई बेळगावला असते, त्यामुळे धावपळ माझ्याकडे आली. वकिलांच्या सल्ल्याने मी जिल्हा न्यायालयात अर्ज केला आणि मला लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे दादांच्या मालमत्तेचा प्रशासक म्हणून कोर्टाचं अधिकारपत्र मिळालं. त्याला आता वीस महिने होतील.

फ्लॅट रिकामा ठेवण्यापेक्षा अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने दिला. महिना ९,००० रुपये माझ्या खात्यात येतात. मध्यंतरी साफसफाई करताना पुतण्याने पोटमाळ्यावरची ट्रंक उघडली. त्यात एका सहकारी बँकेची २ लाख ८० हजारांची ठेव पावती, दोन कंपन्यांचे जुने कागदी शेअर आणि बेळगावच्या एका लहानशा प्लॉटचे कागद निघाले. बँक म्हणते, ही ठेव तुमच्या कोर्टाच्या यादीत नाही. फ्लॅटला गिऱ्हाईक आलं आहे, एक लाखाचा विसार घेतला आहे, पण त्यांचे वकील म्हणतात आधी कोर्टाची परवानगी आणा. आमच्या ओळखीचे एक निवृत्त कारकून म्हणाले, तुमच्या पत्राची मुदत संपली, ती वाढवून घ्या, नाहीतर सरळ नवीन सक्सेशन सर्टिफिकेट (ठेवी-शेअरसाठीचा कोर्टाचा वारस दाखला) काढा.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिने चढवत नाहीत. मुलाचं नाव त्या पत्रात जोडता येईल का? ताईला ट्रंकेबद्दल अजून सांगितलेलं नाही, सगळं मार्गी लागलं की सांगू असं ठरवलंय. ती हल्ली फोनवर तुटक बोलते. माझे अधिकार कसे आणि किती वाढवून मिळतील?

– एक धाकटा भाऊ, सातारा

उत्तर:

आधी ताईंना फोन करा. ट्रंकेत काय काय सापडलं ते एकेक करून सांगा, पावतीवरच्या रकमेसकट. बाकीचे प्रश्न महिना-दोन महिने थांबू शकतात, हा आज संध्याकाळच्या पुढे नेऊ नका. तुमच्या मनात काही काळंबेरं नाही, हे पत्राच्या सुरावरूनच कळतं. पण त्या ठेवीत ताईंचा निम्मा वाटा आहे. ट्रंकेची गोष्ट पुतण्याला माहीत आहे, तुमच्या घरात माहीत आहे, बँकेत आणि त्या कारकुनांनाही माहीत आहे. सातारा-बेळगाव अंतर ते किती! ताईंचं तुटक बोलणं त्यामुळेच असण्याची शक्यता तुमच्याही मनात येऊन गेली असेल.

आता कागदाकडे येऊ. तुम्ही सोबत जोडलेली कोर्टाच्या अधिकारपत्राची नक्कल मी दोनदा वाचली. पहिल्या पानावर कोर्टाचा शिक्का, दादांचं नाव, तुमचं नाव. शेवटच्या पानावर मालमत्तेची यादी, तीन ओळींची: फ्लॅट, एक मुदत ठेव, एक बचत खातं. तुमच्या अधिकाराची मुदत अमुक तारखेला संपते, असं वाक्य त्यात कुठेही नाही. मात्र मधल्या परिच्छेदात एक लांबलचक वाक्य आहे, जे वाचताना बहुतेकांचे डोळे पुढे घसरतात. त्यात लिहिलंय की तुम्ही पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची पूर्ण आणि खरी यादी कोर्टात दाखल कराल, आणि एक वर्षाच्या आत हिशेब द्याल, किंवा कोर्ट वेळोवेळी वाढवून देईल त्या मुदतीत द्याल. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३१७ मधलं हे बंधन आहे आणि ते कोर्टाच्या छापील नमुन्यातच येतं. कारकुनांनी जी मुदत म्हटली ती बहुधा हीच.

म्हणजे तुमचं पत्र जिवंत आहे. संपल्या आहेत त्या यादी आणि हिशेब देण्याच्या मुदती, दोन्हीही. पत्र मिळाल्यानंतर तुम्ही कोर्टाची पायरी चढला नाहीत असं तुमच्या मजकुरावरून दिसतं, आणि मला काळजी वाटते ती याची. फ्लॅटची तितकी वाटत नाही. याच कायद्याचं कलम २६३ सांगतं की यादी किंवा हिशेब देण्यात जाणूनबुजून आणि सबळ कारणाशिवाय कसूर केली, किंवा खोटा हिशेब दिला, तर तेवढ्यावरून पत्र रद्द होऊ शकतं. तसा अर्ज करायचा हक्क ज्यांचा या मालमत्तेशी संबंध आहे त्यांना आहे. तुमच्या बाबतीत म्हणजे ताईंना. त्या तसं करतील असं मी म्हणत नाही. पण आज कोणी केलंच, तर तुमच्या हातात दाखवायला काही नाही.

घाबरून जाऊ नका. मुदत वाढवून द्यायचा अधिकार कोर्टाला आहेच, ती सोय त्या वाक्यातच आहे. ज्या कोर्टाने पत्र दिलं, त्याच कोर्टात, त्याच प्रकरणाचा क्रमांक टाकून साधा अर्ज करायचा. उशीर का झाला ते सरळ लिहा: ऑपरेशन झालं, त्याचे कागद जोडा, हे बंधन असतं हे कळलं नाही, तेही लिहा. नव्याने मालमत्ता सापडली आणि तिची माहिती गोळा करायला वेळ हवा आहे, हे तर सगळ्यात मोठं कारण. मात्र अर्जात नुसती मुदत मागून थांबू नका. आज जेवढी यादी तयार होते तेवढी सोबतच दाखल करा. रिकाम्या हाताने मुदत मागणारा आणि अर्धं काम करून मुदत मागणारा, यांच्याकडे न्यायाधीश सारख्या नजरेने बघत नाहीत.

हिशेबाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे माणसं उगाच अडकतात. माझ्याकडे वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या. भावाच्या मालमत्तेचं प्रशासन त्यांच्याकडे होतं. शिक्षण जेमतेम सातवी. त्यांनी दोनशे पानी वही घातली होती. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. प्रत्येक ओळीपुढे पावतीचा क्रमांक, आणि त्याच क्रमांकाने पावत्या एका फाइलला टोचलेल्या. तेराव्याच्या भटजींना दिलेल्या दक्षिणेची पावती मिळाली नव्हती, तिथे त्यांनी "पावती नाही" असं लिहून शेजारी दिराची सही घेतली होती. कोर्टात ती वही एका तारखेला मान्य झाली. मोठमोठ्या शिकल्यासवरल्या लोकांचे हिशेब मी तीन-तीन वर्षं रेंगाळताना पाहिलेत, कारण घरच्या पैशात इस्टेटीचा पैसा मिसळलेला.

तुमचंही तेच झालंय. भाडं तुमच्या खात्यात येतं. पत्र मिळाल्यानंतर चौदा महिन्यांचं भाडं आलं असेल तर ते १ लाख २६ हजार होतात, आणि तुमच्या पेन्शनमध्ये आणि लाइट बिलात ते केव्हाच विरघळलेत. या आठवड्यात एक स्वतंत्र खातं उघडा, दादांच्या इस्टेटीचे प्रशासक म्हणून. आलेलं सगळं भाडं मोजून त्यात भरा. सोसायटीचा देखभाल खर्च, घरपट्टी, नळ बदलला असेल तर प्लंबरचे पैसे तुम्ही खिशातून दिले असतील, ते पावतीसह खर्चाच्या बाजूला दाखवा आणि मग परत घ्या. आधीच वजा करून उरलेली रक्कम भरू नका. आकडा एकच निघाला तरी कागदावर दोन्ही बाजू दिसायला हव्यात. दादांच्या अंत्यविधीचा वाजवी खर्च इस्टेटीतून सगळ्यात आधी मिळण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, त्यामुळे तो मागायला संकोच करू नका. आणि वाटप होईपर्यंत इस्टेटीला जे भाडं आणि व्याज मिळतं त्याचं विवरणपत्र वेगळं भरावं लागतं, तुमच्या स्वतःच्या विवरणपत्रात ते मिसळत नाही. हे एकदा सीएला दाखवा.

अकरा महिन्यांचा भाडेकरार मात्र तुमच्या अधिकारात बसतो. पाच वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा करायचा असता तर परवानगी लागली असती.

विक्रीला ती लागतेच. गिऱ्हाइकाचे वकील अडवणूक करत नाहीत, ते त्यांचं काम नीट करत आहेत. कलम ३०७ नुसार प्रशासकाला कोर्टाच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, बक्षीस देता येत नाही. यात "पूर्व" हा शब्द फार महत्त्वाचा. आधी खरेदीखत करू, परवानगी नंतर आणू, असं चालत नाही. परवानगीशिवाय केलेला व्यवहार आपोआप रद्द होत नसला तरी हितसंबंध असलेली दुसरी व्यक्ती तो रद्द करून मागू शकते. ही टांगती तलवार डोक्यावर घेऊन कोणता शहाणा माणूस घर घेईल आणि कोणती बँक त्याला कर्ज देईल?

विसार तुम्ही घेऊन बसलात, तेव्हा आता एवढं करा. गिऱ्हाइकाला लेखी कळवा की हा व्यवहार कोर्टाच्या परवानगीवर अवलंबून आहे. एक लाख इस्टेटीच्या नव्या खात्यात टाका. साठेखत करू नका, किल्ली देऊ नका, "रंगकाम तेवढं सुरू करतो" म्हणाले तरी नाही. थांबायला तयार नसतील तर पैसे परत करून मोकळे व्हा, दुसरं गिऱ्हाईक मिळेल. परवानगीच्या अर्जात कोर्टाला दोन गोष्टी बघायच्या असतात: विकायचं का, आणि भाव बरोबर आहे का. पहिल्याचं तुमचं कारण सरळ आहे, दोन वारसांत एक फ्लॅट वाटायचा. दुसऱ्यासाठी मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल जोडा. आणि ताईंचं संमतीचं शपथपत्र जोडा. ते बेळगावात नोटरीसमोर करून पोस्टाने येऊ शकतं. त्यांची संमती परवानगीची जागा घेत नाही, पण ती सोबत असली की अर्जाला विरोध करणारं कोणी उरत नाही.

सही मागण्याआधी ताईंना अर्जाचा मसुदा आणि मूल्यांकनाचा अहवाल वाचायला पाठवा, आणि त्यांना हवं तर त्यांच्या ओळखीच्या वकिलाला दाखवू द्या. "माझ्यावर विश्वास नाही का?" हे वाक्य चुकूनही बोलू नका. बहिणींच्या सह्या कोऱ्या जागेवर घेण्याची आपल्याकडची रीत मी आयुष्यभर पाहिली आणि तिची मला मनापासून चीड आहे. तुम्ही त्यातले नाही, मग त्यातले दिसूही नका.

आता ट्रंकेतली ठेव. तुम्हाला मिळालेलं पत्र मर्यादित स्वरूपाचं नाही, दादांच्या सगळ्या मालमत्तेचं आहे. त्यामुळे महाराष्ट्रात नव्याने सापडलेली वस्तूही तत्त्वतः तुमच्या अधिकारात येते. मग बँक का अडली? कारण यादीच्या आधारावर कोर्टाने दोन गोष्टी ठरवलेल्या असतात: तुम्ही भरायची कोर्ट फी आणि तुमच्याकडून घ्यायचा जामीनबाँड. मालमत्ता वाढली की दोन्हींचा हिशेब बदलतो. म्हणून यादीत दुरुस्ती मागणारा अर्ज करायचा, सापडलेल्या वस्तूंची किंमत दाखवायची, वाढीव कोर्ट फी भरायची आणि दुरुस्त यादीची प्रमाणित नक्कल बँकेत द्यायची. मुदतीच्या अर्जासोबतच हा अर्ज द्या, म्हणजे एकाच फेरीत काम होईल.

आणि तुमच्या जामीनदारांना सांगा. नकलेत दोन नावं दिसतात, एक तुमचे मित्र असावेत. त्यांनी एका रकमेपुरती तुमची जबाबदारी घेतली होती. कोर्टाने बाँड वाढवायला सांगितला तर त्यांनी पुन्हा विचार करायचा हक्क राखून ठेवलेला असतो. कोर्टाच्या शिपायाकडून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळू दे.

ती ठेव पावती किती जुनी आहे ते नीट बघा. दहा वर्षं ज्या खात्याला कोणी हात लावलेला नाही, त्यातली रक्कम बँकेला रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जमा करावी लागते. हा निधी २०१४ पासून आहे. पैसे बुडत नाहीत, वारसांनी मागणी केली की त्याच बँकेमार्फत मिळतात, फक्त एक टप्पा वाढतो. दादा व्यवस्थित माणूस, पण एकटे राहणारे. अशांची आणखी एखादी पावती कुठे तरी असतेच. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये "उद्गम" नावाचं पोर्टल सुरू केलं, त्यावर सहभागी बँकांमधल्या अशा ठेवी नाव आणि पॅन टाकून शोधता येतात. मुलाला बसवून आत्ताच शोधून घ्या, म्हणजे यादी दोनदा दुरुस्त करावी लागणार नाही.

शेअरचंही तसंच. सात वर्षं सलग लाभांश कोणी घेतला नसेल तर लाभांश आणि ते शेअरही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) गेलेले असतात. आधी कंपनीच्या रजिस्ट्रारला पत्र टाकून शेअर कुठे आहेत ते विचारा. प्रमाणपत्रावरचा फोलिओ क्रमांक लिहा, मूळ प्रमाणपत्र पोस्टात टाकू नका. निधीकडे गेले असतील तर आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरून ते परत मिळवता येतात. वेळ लागतो, धीर धरा.

नवीन सक्सेशन सर्टिफिकेट काढायचा सल्ला मात्र अजिबात मानू नका. लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन अस्तित्वात असताना त्याच मृत व्यक्तीच्या मालमत्तेबाबत घेतलेलं सक्सेशन सर्टिफिकेट कलम ३८५ प्रमाणे अवैध ठरतं. फी जाईल, सहा-आठ महिने जातील आणि हातात निरुपयोगी कागद येईल. हा घोळ होतो कारण दोन्ही कागदांना लोक "कोर्टाचं वारसपत्र" असंच म्हणतात. ज्या वाचकांकडे फक्त सक्सेशन सर्टिफिकेट आहे त्यांच्यासाठी इथेच सांगतो: ते सर्टिफिकेट यादीतल्या येण्यांपुरतं आणि रोख्यांपुरतंच असतं. नवीन ठेव किंवा शेअर सापडले तर नव्याने सगळा खटाटोप करायचा नाही, कलम ३७६ खाली तेच सर्टिफिकेट वाढवून मागायचं. वाढवलेला भाग मुळातच यादीत होता असं मानलं जातं. त्याची फी अर्जासोबत भरावी लागते, कोर्ट जादा जामीन मागू शकतं. ते सर्टिफिकेट भारतभर चालतं.

तुमचं पत्र भारतभर चालत नाही, आणि इथे बेळगावच्या प्लॉटचा प्रश्न येतो. जिल्हा न्यायाधीशांनी दिलेल्या पत्राचा अंमल त्या राज्यापुरता. राज्याबाहेरची मालमत्ता दहा हजार रुपयांच्या आत आहे असा दाखला न्यायाधीशांनी दिला तरच ते इतर राज्यांत चालतं. हा दहा हजारांचा आकडा अजूनही कायद्यात आहे, आणि आज दहा हजारांत प्लॉट सोडा, त्याचं कुंपण होत नाही. उच्च न्यायालयाने दिलेलं पत्र मात्र इतर राज्यांतही चालतं. तेव्हा साताऱ्याच्या कोर्टाकडे "बेळगावपर्यंत अधिकार वाढवून द्या" असं मागून उपयोग नाही.

पण थांबा, उच्च न्यायालयाकडे पळायची गरज असेलच असं नाही. दादा हिंदू आणि मृत्युपत्राशिवाय गेलेले. अशा माणसाच्या वारसांना आपला हक्क सांगण्यासाठी लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन सक्तीचं नाही. तुम्ही आणि ताई दोघं मिळून, मृत्यूचा दाखला आणि वारसांचे पुरावे जोडून, बेळगावात त्या प्लॉटच्या दप्तरी वारस म्हणून नोंद मागू शकता. तिथे कोणती कागदपत्रं लागतात ते तिथल्या वकिलाला विचारावं लागेल, आणि विचारायला ताई तिथेच आहेत. हे काम त्यांच्याकडे सोपवा. गेली तीन वर्षं सगळं साताऱ्यात झालं आणि त्यांना फक्त कळवलं गेलं. एक काम त्यांच्या हातात गेलं तर तुमचा गुडघाही वाचेल. नोंद झाल्यावर पुढे तो प्लॉट विकायचा झाला तर तुमच्या दोघांच्या सह्यांनी होईल. खरेदीदार पत्राचाच आग्रह धरायला लागला, तर बेळगावच्या जिल्हा न्यायालयात तिथल्या मालमत्तेपुरता अर्ज करायचा मार्ग आहे. तो प्रसंग आला तर बघू.

मुलाचं नाव पत्रात जोडता येणार नाही. कोर्टाने विश्वास टाकला तो तुमच्यावर, जामीन घेतला तो तुमचा. मुलगा बँकेत जाऊ शकतो, नकला काढू शकतो, वही लिहू शकतो, वकिलांना भेटू शकतो. निर्णय आणि सही तुमची. आणि एक गोष्ट कटू असली तरी लिहायला हवी: तुमचं काही बरंवाईट झालं तर हे अधिकार वारसाहक्काने मुलाकडे जात नाहीत. उरलेल्या मालमत्तेसाठी कोर्टाकडून नवीन पत्र घ्यावं लागतं. म्हणून काम पुढे ढकलत राहू नका. खरोखरच झेपत नसेल, तर कोर्टाला तसं सांगून पत्र ताईंच्या नावे करून घेता येतं, कारण तुमच्याइतकाच त्यांचाही हक्क आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. मला विचाराल तर तुम्हीच पूर्ण करा, पण ताईंना फोनवर हा पर्यायही सांगा. तो तुम्ही स्वतःहून पुढे केलात, हेच त्यांच्या लक्षात राहील.

ज्यांच्या पत्रात खरोखर मुदत किंवा उद्देश लिहिलेला असतो, जसं की दावा चालू आहे तोवर, किंवा फक्त मालमत्ता गोळा करून जपून ठेवण्यापुरतं, त्यांची गोष्ट वेगळी. मुदत संपली आणि मालमत्ता उरली, तर तिथे मूळ हक्कदारांपैकी कोणाला तरी नव्याने पत्र घ्यावं लागतं. तुम्हाला ते लागू नाही, पण या विषयावर पत्रं येतात म्हणून लिहिलं.

तुम्ही पुतण्याबद्दल काही विचारलेलं नाही, तरी त्याचा उल्लेख ज्या तऱ्हेने आला आहे त्यावरून तो तुमच्या मनात आहे असं वाटतं. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे, पत्नी, मुलं, आई, वडील यांच्यापैकी कोणी नसलेल्या पुरुषाची मालमत्ता भाऊ-बहिणींत समान वाटली जाते, आणि भावंडं हयात असताना, आधीच गेलेल्या भावाच्या मुलाला वाटा मिळत नाही. म्हणजे दादांच्या मालमत्तेत त्याचा कायदेशीर हक्क नाही, तुमचा आणि ताईंचा अर्धा-अर्धा. हे त्याला कोणी तरी सांगायला हवं, आणि काकाने सांगितलेलं बरं. ट्रंक त्याने उघडली. आत पावती आणि शेअर दिसल्यावर त्याने ते खिशात न घालता तुमच्या हातात आणून दिले. तुम्हाला आणि ताईंना त्याला काही द्यावंसं वाटलं तर जरूर द्या, पण वाटप पूर्ण झाल्यावर, आपापल्या वाट्यातून, बक्षीसपत्राने. इस्टेटीच्या खात्यातून त्याच्या नावे एक रुपयाही काढू नका, कारण हिशेबात त्या रुपयाला जागाच नाही.

ट्रंक आणि तिच्यातले कागद सध्या कुणाकडे आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. ताई येतील तेव्हा पुतण्यासह तिघं मिळून ती पुन्हा उघडा, सापडेल त्या प्रत्येक कागदाची यादी हाताने लिहा आणि खाली तिघांच्या सह्या घ्या. वकिलांकडे जाताना पहिल्यांदा तोच कागद घेऊन जा.